आमच्या मोरीखालचे आबा

आबा पाण्याचा अंदाज कानाने घेत. चारीच्या कडेला डोळे मिटून उभे राहत आणि पाणी कुठे अडले आहे ते सांगत. बहुतेक वेळा ते खरे निघे. शेतकऱ्यांना पाळीप्रमाणे कालव्याचे पाणी सोडणारे पाटकरी म्हणून त्यांची सारी नोकरी झाली होती. पन्नासच्या दशकात बारामतीत एका दुमजली घरात आम्ही भाडेकरू होतो. आम्ही वर, ते खाली, एकटेच. मला ते आवडत नसत, कारण माझ्या बायकोला ते फार आवडत.

वत्सला वडगाव निंबाळकरची, बागाईतदाराची मुलगी. मी एका दैनिकाचा बातमीदार. माझ्याशी ती परीक्षेला बसल्यासारखी जपून बोले. आबांशी मात्र जिन्यावरूनच सुरू होई.

"आबा, च्या घेताय न्हवं?"

"बशीत वत, पोरी. कपानं मिशी भाजती."

मग दोघे हसत. त्यात हसण्यासारखे काय होते, ते मला कधी कळले नाही. माझ्या छापून आलेल्या बातम्या ती वाची आणि कात्रणे नीट घडी घालून ठेवी. हसत नसे.

एका हिवाळ्यात आमच्या मोरीचे पाणी खाली झिरपू लागले. आबांच्या खोलीला फळ्यांचे छत होते. त्यावर आधी परातीएवढा डाग उमटला, मग थेंब पडू लागले, तेही नेमके खाटेवर. आबांनी खाट सरकवली, तिथे घमेले ठेवले आणि वर आले. "सायेब, तुमचा कालवा फुटलाय. आन् आमी तर पान्याचा अर्ज बी केला न्हवता." वत्सलाला पदर तोंडाशी धरावा लागला.

दुरुस्तीतही त्यांची रीत कालव्यावरचीच. त्यांनी मोरीच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबून पाणी तुंबवले, वर मूठभर भुसा पसरला आणि उकिडवे बसले. "गळती असंल तितं भुसा आपसूक जातोय. आपुन नुसतं बघायचं." अर्ध्या तासाने भुशाची बारीक रेघ कोपऱ्यातल्या फरशीच्या सांध्याकडे सरकली. तोवर वत्सला त्यांच्याशेजारी बसून होती. माझ्या कामाकडे ती इतका वेळ कधी बघत बसली नव्हती.

"आता आठ दीस मोरी सुकू द्यायची," आबा म्हणाले. "मग चुन्यानं सांधा भरतो. तवर तुमी खाली माझ्या न्हाणीत आंघुळी करा."

आठ दिवस ती खाली जाणार, हे मला नको होते. सिमेंट त्या काळी परवान्यावर मिळे. मी ओळखीने पाटीभर मिळवले आणि दुसऱ्याच दिवशी सांधा स्वतः भरला. आबा कोपऱ्यातला सिमेंटचा उंचवटा बघून एवढेच म्हणाले, "ओलीवर भरलं व्हय?" चार दिवस थेंब पडला नाही. मी वत्सलाला म्हणालो, "बघ, भुशाशिवाय झालं."

"झालं खरं," ती म्हणाली.

कोपरा उंच झाल्याने पाण्याचा ओघ उलटून भिंतीकडे गेला होता. ते पाणी भिंतीतून झिरपून फळ्यांवर साठत होते. पाचव्या दिवशी सकाळी, आबा बाजारात असताना, दोन फळ्या मातीसकट त्यांच्या खाटेवर कोसळल्या. मी घरमालकांना बोलावून आणले. परत आलो तोवर आबा आलेले होते.

मालक ओरडले, "हे सिमेंट कुणी थापलं? ज्यानं थापलं त्यानं आजच खोली सोडायची!"

मी बोलण्यासाठी शब्द जुळवत होतो. एवढ्यात आबा म्हणाले, "म्या थापलं. म्हातारपनी हात चुकला. जातो मी भाच्याकडं, इंदापूरला."

शब्द जुळवायचे मी थांबवले.

संध्याकाळी त्यांची ट्रंक मी एस.टी.च्या टपावर चढवली. वत्सला रडत होती. ते गेले याचे मला बरे वाटले. पण जाताना ते असे वागून गेले की पुढे तिच्यापुढे मी कितीही चांगला वागलो तरी मला त्यांच्या मागेच उभे राहावे लागे. जवळ होते तेव्हाही मला त्यांचा इतका हेवा वाटला नव्हता.

काही वर्षांनी इंदापूरहून भाच्याचे पत्र आले. आबा गेले. मी ते वत्सलाला वाचून दाखवले आणि प्रथमच बोललो, "त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी फार केलं."

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "तुम्ही मालकांना आणायला गेलात तेव्हा मीच त्यांच्या पाया पडले. म्हटलं, आबा, ह्यांच्याच्यानं कबूल व्हायचं न्हाय, आन् घर गेलं तर आमी कुठं जायाचं?"

तिने मला अचूक ओळखले होते. तरी मनाला लागले ते वेगळेच. माझ्याविषयी इतके खरे ती बोलली होती, आणि ते बोलायला तिला आबा लागले होते.