पाचव्या मजल्यावरची शीळ

माझा दादा दोरावर लटकून उंच इमारतींच्या काचा पुसतो आणि वहिनी त्याच इमारतीत आतून फरशी पुसते. दोघांचं ठरलेलं आहे. एक मजला खाली उतरला की दादाने शीळ घालायची. ती ऐकू आली की मगच वहिनी फडकं पिळते.

त्या दिवशी वहिनी सहाव्या मजल्यावर होती. दादा खिडकीसमोरून खाली गेला, पण पाचव्यावरून शीळ आलीच नाही. वहिनी फडकं तसंच धरून खिडकीपाशी गेली. वाकून बघायचा धीर होईना. खाली माणसं जमलेली दिसली तर? दोर करकरत होता. ‘करकरतोय म्हणजे माणूस आहे,’ तिने स्वतःला समजावलं. पण रिकामा दोरही वाऱ्याने करकरतोच.

शेवटी भिंत धरत ती जिना उतरली. पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर दादा निवांत लटकत होता, गाल फुगलेले.

“अहो, शीळ गिळलीत की काय?”

“इथल्या बाईंनी केक दिला. भरल्या तोंडाने वाजेना.”

“मग थुंकायचा होता.”

“केक थुंकू? वेडी आहेस का?” त्याने उरलेला तुकडा खिडकीतून पुढे केला. “धर, तुझा वाटा.”

वहिनीने तो घेतला. केकला साबणाचा वास लागला होता, तरी तिने तळहातावरचे कणसुद्धा टिपून खाल्ले.

“गोड आहे हो. त्या बाईंचं भलं होवो,” ती म्हणाली. “आता उतरा. पण चौथ्यावर आधी शीळ, मग काच.”

दोर पुन्हा करकरला आणि वहिनी श्वास धरून उभी राहिली.