वगळलेल्या रकमेतली विमल

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते. पलीकडे तिची मुलगी केतकी. "सुमनमावशी, आई पहाटे गेली," एवढं ती मराठीत बोलली आणि पुढचं सगळं इंग्रजीत, कारण रडताना तिला मराठी सुचत नाही. मला आधी रडू आलंच नाही. राग आला. साठीसुद्धा गाठली नव्हती बाईने! आणि मग पुढचे पाच आठवडे तो राग वाढतच गेला, कारण जो फोन करतो तो एकच पालुपद लावतो... फार हुशार हो, पण जरा जमवून घेतलं असतं तर कुठच्या कुठे गेली असती. ऐकून ऐकून माझे कान किटले. जमवून घेणं म्हणजे काय, ते मी ऑफिसात तिच्या टेबलापाशी बसून पाहिलंय, म्हणून लिहायला बसलेय.

ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्ये, लेस्टरमधल्या एका निटवेअर कंपनीच्या हेड ऑफिसात आम्ही भेटलो. मी टायपिस्ट, ती अकाउंट्समध्ये. तिचे मिस्टर, डॉक्टर अरविंद, हॉस्पिटलांतल्या सहा-सहा महिन्यांच्या जागांवर फिरत होते. आज लेस्टर, उद्या ग्लासगो. तिसऱ्यांदा सामान बांधायची वेळ आली तेव्हा विमल म्हणाली, "तुम्ही जा, मी आणि केतकी इथेच." संध्याकाळच्या क्लासला जाऊन, एक-एक पेपर देत ती अकाउंटंट झाली, आणि तिच्या पगारावर मॉर्गेज काढून त्यांनी घर घेतलं. मागे एवढीशी बाग. तिथे तिने मेथी लावली होती आणि गोगलगायींशी तिचं रोज भांडण. डॉक्टरांची नोकरी कधी असे, कधी नसे. घर उभं होतं ते विमलच्या पगारावर, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

दर वर्षी अ‍ॅन्युअल रिपोर्टची प्रुफं छापखान्यातून आली की ती आम्ही दोघी तपासायचो. एकीने हिशेबाच्या वहीतून मोठ्याने वाचायचं, दुसरीने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं, आणि पान बरोबर असेल तर खाली दोघींनी सही करायची. दोन सह्यांशिवाय पान छपाईला जायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. आम्ही हे मराठीत करायचो. एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर... पाढे मराठीत पाठ केलेले, त्यामुळे कानाला चूक लगेच कळायची. पलीकडच्या टेबलावरची मॉरीन म्हणायची, "झाली का तुमची प्रार्थना सुरू?" विमल वर न बघता म्हणे, "तुझ्यासाठीच करतोय गं."

आता भानगड काय होती ते सांगते. कंपनी दर वर्षी एखादी गिरणी बंद करत होती. कामगारांना रिडंडन्सीचे, म्हणजे कामावरून कमी केल्याबद्दलचे पैसे द्यायचे, यंत्रं भंगारात काढायची, असा मोठा खर्च यायचा. नव्वदीच्या सुरुवातीला नियम बदलले आणि तो खर्च नफ्यातून सरळ वजा करून दाखवणं भाग पडलं. कंपनीने तसं दाखवलं. पण शेजारी आपणहून दुसरा एक आकडा छापायला सुरुवात केली. त्याचं नाव 'अ‍ॅडजस्टेड' नफा. म्हणजे हा एकदाच होणारा खर्च धरलाच नाही तर किती नफा झाला असता ते. सक्ती कुणी केली नव्हती, बंदीही नव्हती. तो गुबगुबीत आकडा पहिल्या पानावर ठळक, आणि खरा नफा आत कुठेतरी. साहेबलोकांचा बोनसही त्या गुबगुबीत आकड्यावर. "अगं, पाच वर्षं सलग एकदाच होणारा खर्च?" विमल म्हणाली. "म्हणजे लग्नातलं जेवण सोडून मी डाएटवर आहे, आणि घरात दर आठवड्याला लग्न!"

बरं, तिचं म्हणणं काही टोकाचं नव्हतं. आकडा छापूच नका असं ती कधीच म्हणाली नाही. गिरणी खरंच एकदा बंद होत असेल तर लोकांना ते वेगळं कळायला हवं, हे तिला पटत होतं. फक्त त्या आकड्याखाली तिने एक छोटा तक्ता केला होता. पाच वर्षांत काय काय वगळलं, वर्षाला एक ओळ. तो मीच टाइप केला. प्रुफं आली तेव्हा तक्ता गायब! फायनान्स डायरेक्टरनी काढून टाकला होता.

त्या दिवशी तिने ते पान शेवटपर्यंत वाचलं, मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग तिने पेन टोपण लावून बाजूला ठेवलं. "सुमन, यावर माझी सही होणार नाही." मी म्हटलं, "विमल, डॉक्टर घरी बसलेत. मॉर्गेज कोण भरणार? एका पानासाठी घर घालवशील?" ती म्हणाली, "मला भीती वाटतेय गं... पण सही नाही होणार." तेवढ्यात फायनान्स डायरेक्टर साहेबच आले. वाईट माणूस नव्हता, खोटं कशाला बोलू. खुर्ची ओढून बसले आणि समजावून सांगू लागले, "विमल, हा आकडा ऐच्छिक आहे. कायदा आपल्याला काहीच विचारत नाही. सगळ्या कंपन्या देतात."

"तेच तर," विमल म्हणाली. "कायद्याने विचारलं असतं तर कायद्यापुरतं सांगितलं असतं. हे आपण आपल्या मर्जीने सांगतोय. मग मर्जीने पूर्ण सांगू या."

साहेब उठले. माझ्याकडे वळून म्हणाले, मग तू दुसऱ्या कुणाबरोबर पान वाचून घे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी मराठीत ऐकते. दुसरं कुणी मराठीत वाचणारं असेल तर पाठवा." मॉरीन फिसकन हसली. साहेब नाही हसले. पान दुसऱ्याच दोघांनी वाचलं, सह्या झाल्या, रिपोर्ट तक्त्याशिवाय निघाला. विमलला गोदामातल्या पेन्शनच्या फायलींवर बसवलं आणि वर्षाच्या आत तिची जागाच रद्द केली. घर विकावं लागलं. मेथीच्या वाफ्यासकट. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांच्या दुकानावरचा फ्लॅट भाड्याने घेतला. मी सामान हलवायला गेले तेव्हा ती खोक्यावर बसून खदाखदा हसत होती. "सुमन, माझे रिडंडन्सीचे पैसे कुठे धरले असतील सांग! त्या वगळलेल्या रकमेत! आणि माझ्या बाबतीत तरी तो खर्च एकदाच आहे हो, मला काही दर वर्षी काढता येणार नाही!" हसता हसता रडली, आणि मग चहा कर म्हणाली.

आम्हा दोघींकडे कर्मचाऱ्यांच्या योजनेतले मूठभर शेअर्स होते. त्या जोरावर ती पुढच्या वार्षिक सभेला गेली, मीही अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. हॉटेलचा हॉल, सुटातले म्हातारे, बिस्किटं. प्रश्न विचारायची वेळ आली तशी ही साडीवर कोट घातलेली बाई उभी राहिली. "तुम्ही जी रक्कम वगळलीत, त्यात मी आहे," ती म्हणाली. "बंद केलेल्या गिरण्यांमधले लोक आहेत. पाच वर्षांत काय वगळलं ते चेअरमननी वाचून दाखवावं." चेअरमन म्हणाले, लेखी उत्तर पाठवू. "मी थांबते," विमल म्हणाली, आणि खरंच उभी राहिली. कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. ती उभीच. मला वाटलं आता हिला हाताला धरून बाहेर काढतात. शेवटी फायनान्स डायरेक्टर उठले आणि पाचही वर्षांचे आकडे एका सुरात वाचले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "मग हे थांबणार कधी?" पुढच्या वर्षीच्या रिपोर्टात तक्ता होता. बारीक अक्षरांत, पण होता. तिला नोकरीवर परत बोलावलं का? छे! नाव घेऊ नका.

फ्लॅटच्या पुढच्या खोलीत तिने छोट्या दुकानदारांचे हिशेब करायला घेतले. गिऱ्हाइकाने कितीही गयावया केली तरी वाईट वर्ष पहिल्या पानावर. दोघे-तिघे चिडून निघून गेले, बाकीचे तिच्याकडेच राहिले.

क्रेमॅटोरियमला ते फायनान्स डायरेक्टर साहेब आले होते. रिटायर झालेत आता, काठी घेऊन चालतात. आले, हे त्यांचं मी मानते. माझा हात धरून म्हणाले, "तो एक प्रसंग सोडला तर तिच्यासारखी अकाउंटंट मी पाहिली नाही." झालं! तिथे, त्या फुलांपाशी, माझा पारा चढला. म्हटलं, "सोडायचा नाही. तो प्रसंग धरूनच विमल. तो सोडून जी उरते ती तुमची कुणीतरी असेल, माझी मैत्रीण नव्हे." आजूबाजूचे लोक बघायला लागले. बघू देत.

संध्याकाळी मी फ्लॅटवर गेले. पुढच्या खोलीत तिच्या टेबलाजवळ डॉक्टर एकटेच बसले होते. खाली बस गेली की ती खोली अजूनही थरथरते. "काय म्हणत होता तो?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझं उत्तरही सांगितलं. तसे ते म्हणाले, "सगळं धरून मोजायचं म्हणता, सुमनताई? गेलेलं घरसुद्धा?"

"घरसुद्धा," मी म्हटलं.

त्यांनी त्या भाड्याच्या खोलीवरून एकदा नजर फिरवली. "धरा," ते म्हणाले. "घर धरूनसुद्धा आम्ही नफ्यातच होतो."