मास्तरनं कोरं ठेवलेलं पान

शांतवन मास्तर गेल्याचा फोन त्याच्या लेकीनं, सुमननं केला तेव्हा मी उसाला पाणी धरलं होतं. "काका, बाबा गेले..." एवढंच बोलली. पाणी तसंच सोडून निघालो. कुणाच्या वावरात शिरलं असंल ते असंल.

आमी दोघं तिसरीपर्यंत एका बस्करावर बसलो. पुढं मी गुरांमागं गेलो आणि तो शिकून मास्तर झाला. रिटायर झाल्यावर राहात्याहून जाडी वही आणून त्यानं आमच्या गावाचा इतिहास-भूगोल लिहायला घेतला. मी हसलो. "चार आळ्या, एक ओढा आन् ऊस. याचा कसला आलाय इतिहास?" तो म्हणाला, "म्हणूनच लिहायचा. मोठ्या गावांचं लिहिणारे लई हायती." मग आमी शीव धरून हिंडायचो. तो पावलं मोजायचा. मी मधेच बोललो की त्याचा आकडा चुकायचा आणि पुन्हा शिवेच्या दगडापासून सुरुवात! "भागा, तोंड मिट की जरा!" असं तो ओरडायचा आणि मी मुद्दाम खोकायचो.

ओढा पूर्वी देवळाच्या अलीकडून वाहायचा, हे मी सांगितलं तर त्याला पटंना. दोन दिवस अबोला. मग देवळाच्या अलीकडंच शाळेच्या हौदासाठी खड्डा घेतला, तर खाली गोल गोटे आणि वाळू. मूठभर वाळू घेऊन तो भर चावडीवर आला. "तुझंच खरं, भागा. मी चुकलो." चारचौघांत चूक कबूल करणारा मास्तर मी दुसरा पाहिला न्हाई.

मग पाळी आली थोरल्या विहिरीची. "माझ्या आजानं खांदली," मी छाती काढून म्हणालो. मास्तरनं पेनाला टोपण लावलं. दुष्काळात ती विहीर त्याच्या पणज्यानं आणि त्यांच्या आळीतल्या माणसांनी खांदली, हे त्याला ठाऊक होतं. मलाही होतं, आजीनंच सांगितलेलं. पाणी लागल्यावर मात्र त्यांना दोराला हात लावायची बंदी झाली. मास्तरची आई घागर घेऊन उभी राहायची आणि आजी वरून पाणी ओतायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

"मग लिही की तुझं खरं!" मी चिडलो.

"मी लिहिलं तर म्हणतील, मास्तरनं आपल्या आळीचं वाढवून लिहिलं. ते तुझ्या तोंडून यायला पायजे. पान कोरं ठेवतो. वाटंल तवा सांग."

त्यानं पुन्हा कधी विचारलं न्हाई. रोज संध्याकाळी चहाला यायचा, इकडचं-तिकडचं बोलायचा, जायचा. मी म्हणायचो, उद्या सांगू... तीन वर्षं गेली.

परवा सुमन वही छापायला देणार होती. "काका, ते कोरं पान काढून टाकू का?" म्हणाली. मी वही मागितली. माझा पोरगा शेजारी उभा होता. म्हणाला, "आबा, भावकी काय म्हनंल?" म्हटलं, "भावकीला पानी गोड लागलं न्हवं? मग ऐकून घ्यायचं." मास्तरच्या टेबलाशी बसून लिहिलं. एका पानाला सकाळ गेली. खांदली कुणी, प्यालं कुणी, दोर कुणी धरू दिला न्हाई, सगळं लिहिलं, आजाच्या नावासकट.

वहीभर मास्तरचं गोल, देखणं अक्षर हाय. मधे एक पान माझं, वाकडंतिकडं. तो समोर बसला असताना बोललो असतो, तर तेही त्याच्याच अक्षरात असतं.