मेथीतलं पीक

मी रसायनशास्त्रात डॉक्टर झालो तो एका दुपट्ट्याच्या जोरावर. प्रबंधात सगळ्यांचे आभार मानले, त्याचे तेवढे राहून गेले.

अमरावतीला मी भाज्यांमधले फवारणीचे अंश शोधत असे. आमचं यंत्र भाजीच्या अर्कातला एकेक पदार्थ वेगळा काढायचं आणि जो सापडेल त्याचा, त्याच्या ठरलेल्या मिनिटाला, कागदावर सुळका उठवायचं. त्या सुळक्याला आम्ही इंग्रजीतून उचललेला शब्द वापरतो : पीक.

हिवरखेडच्या एक काकू बिनफवारणीची मेथी पिकवत. अकोल्यातल्या एका वसतिगृहाची खानावळ ती हंगामभर घ्यायला तयार होती. अट एकच, तपासणीचा कागद हवा. नमुना आणायला मी स्वतः गेलो आणि नमुन्याच्या पिशव्या अमरावतीतच विसरलो. वर ऑक्टोबरचं ऊन. मेथी सुकू नये म्हणून तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला, भिजवला आणि सगळी मेथी त्यात गुंडाळली. कोण ती हुशारी!

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन.

"काय निंघालं बापू मेथीत?"

कागदाकडे बघत मी सवयीनं बोलून गेलो, "काकू, मोठं पीक आलं."

"तं येईनच ना! शेनखत काय कमी टाकलं?"

त्या इतक्या खुशीत हसल्या की पुढचं सांगायची माझी छाती झाली नाही. ते काम खानावळीनं केलं. माझ्या मार्गदर्शक सरांच्या सहीचा अहवाल पोचला आणि मेथी बंद झाली.

काकूंचा पुन्हा फोन. "एक थेंब नाई मारला म्या. मंग ते आलं कुठून?"

हा प्रश्न खरं तर मला पडायला हवा होता. संध्याकाळी खोलीतल्या दोरीवर दुपट्टा दिसला. नमुना आणण्याआधीच्या रविवारी तिवस्याला घरच्या कपाशीवर फवारताना हाच नाकाला बांधला होता. त्याचा कोपरा कापून यंत्रात घातला. तेच पीक, त्याच मिनिटाला.

सगळं ऐकून सर म्हणाले, "आता अहवाल फिरवला तर आपल्याला विचारेल कोण? आणि या मेथीवर बेतलेल्या तुझ्या प्रबंधातल्या शेवटच्या प्रकरणाचं काय?"

मी म्हणालो, "हो सर." पदार्थातून पदार्थ सोडवण्यात माझी सहा वर्षं गेली होती. काकूंच्या मेथीतून माझा दुपट्टा सोडवायला फक्त तोंड उघडायचं होतं.

डॉक्टर झाल्यावर पेढे घेऊन हिवरखेडला गेलो. मेथीच्या वाफ्यांत झेंडू होता. मी सगळं सांगून टाकलं.

"हे तुले कवा समजलं?"

"तेव्हाच, काकू."

त्या बराच वेळ झेंडूची वाळकी फुलं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "झेंडू बरा. याले कोनी खात नाई, तं कोनी तपासतबी नाई."

पेढ्यांचा पुडा त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"दुपट्ट्यात बांधून तं नाई ना आनले?"

आणि न उघडताच तो माझ्या हातात परत ठेवला.