निळ्या पिंपाचं पाणी

घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या चाळीत नळाला करंगळीएवढी धार यायची, ती संपली की बोअरिंगचं मचूळ पाणी. नवऱ्याची गिरणी बंद पडली, हाताला काम उरलं नाही, तेव्हा त्याने माझ्या डोक्याला काम लावलं. भंगारबाजारातून एक निळं पिंप, मोडक्या फ्रीजच्या पाठची जाळी आणि खिडकीची काच घेऊन आला. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून पिंपात, पिंपातून काळ्या रंगवलेल्या जाळीच्या नळीत, वर काच. ऊन पडलं की फुकटात गरम पाणी. संसार राहिला बाजूला, घरात कारखाना काढलाय, असं मी चारचौघांत म्हणायची. पण पाणी खरंच तापलं. मग मी धुणं त्यातच भिजवायला लागले.

एक मात्र मी सगळ्यांना बजावलं होतं. पिंप केमिकलच्या कारखान्यातलं. नवऱ्याने सोडा घालून परत परत घासलं, तरी ऊन लागलं की रंगाच्या डब्यासारखा वास यायचाच. हे पाणी धुण्याला आणि मोरीला, तोंडात घालायचं नाही. सासूबाईंनी मान हलवली होती.

श्रावण होता. मासळी बंद, म्हणून रोज डाळ, आणि रोज डाळीला नवऱ्याचं नाक मुरडणं. त्या दुपारी तो काम शोधायला गेला होता. मी रेशनच्या रांगेतून आले आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन जेवायला बसले. डाळ लोण्यासारखी मऊ. बोअरिंगच्या पाण्यात आमची डाळ कधी शिजायची नाही, कितीही रॉकेल जाळा. मी कौतुक केलं.

"पावसाचा पाणी ता," सासूबाई म्हणाल्या. "गावाक आमी पागोळेच्या पाण्यातच डाळ शिजवतव. आणि ह्या तर आयता गरम."

आभाळातून पडलेलं पाणी वाईट असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. माझा घास तोंडातच राहिला. मुलगी बोटं चाटत होती.

तिला काखोटीला मारून मी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी एकच विचारलं, पिंपात आधी काय होतं? ते कुणाला ठाऊक होतं? ते म्हणाले, लक्ष ठेवा, उलटी झाली किंवा गुंगी आली तर थेट मोठ्या इस्पितळात न्या. घरी आले तर नवरा परतलेला. सगळं ऐकून तो चप्पल न काढता तसाच भंगारबाजारात पळाला.

मुलगी रोज दुपारी झोपायची. त्या दिवशी मी तिला झोपू दिलं नाही. डोळे मिटले की गदागदा हलवायची, पाढे म्हणायला लावायची. ती रडायला लागली की मला बरं वाटायचं, रडतेय म्हणजे शुद्धीवर आहे. सासूबाई देवांसमोर बसून होत्या. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त त्याच जेवल्या होत्या, पण त्या सारख्या नातीचे ओठ बघायला उठत. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

दिवेलागणीला नवरा आला. भंगारवाला म्हणाला होता, पिंपं कुठून कुठून येतात, कोण वास घेत बसतंय. एवढं सांगून त्याने हातपाय धुतले, पाट घेतला आणि डाळीचं पातेलं पुढे ओढलं.

मी त्याचा हात धरला. "वेडे झालात का? रात्री काही झालं तर पोरीला उचलून कोण नेणार?"

"पिंप मी आणलंय," तो म्हणाला. "वाढ."

मी वाढली. श्रावणभर नाक मुरडणारा तो माणूस, मान खाली घालून जेवला.

आम्हाला कुणालाच काही झालं नाही. पण त्याने पहिला घास घेतला, तेव्हा हे त्याला ठाऊक नव्हतं.