लेव्हल घेईपर्यंत

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते हसायला. कुणाच्या घरात आपोआप भांडी पडतात, कुणाला जिन्यात पावलं ऐकू येतात... मी आपली वैतागून म्हणायची, अहो मांजर असेल, आधी बघा की. माझं कामच असं आहे, की कुठे खरखर झाली की पहिल्यांदा वायर तपासायची. बहुतेक वेळा वायरच असते. त्यामुळे खालचं वाचून तुम्ही मला हसलात, तर माझी काही तक्रार नाही.

मी सोलापूरला राहते, सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत. इलेक्ट्रॉनिक संगीत करते – म्हणजे सिंथेसायझर, मिक्सर, कॉम्प्युटर आणि वायरींचा गुंता. नातेवाइकांना अजून वाटतं की मी डीजे लावते. सांगून सांगून थकले, आता वाटू दे. स्टुडिओ वरच्या मजल्यावर. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना चादरी ठोकल्यात, ही अक्कल माझ्या मोठ्या भावाची, अण्णाची. खाली वैनीचं स्वयंपाकघर आणि मधे उघडा जिना, त्यामुळे वर वाजलेलं सगळं तिला ऐकू जातं.

अण्णा आधी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचा. तिथल्याच एकाकडून त्याने जुना जपानी सिंथ आणला आणि मला या नादाला लावलं. सिंथमध्ये आवाजसुद्धा आपण घडवायचा असतो. बटणं फिरवत बसायचं, जमला की नाव देऊन साठवायचा. अण्णा खाण्याची नावं द्यायचा. एका आवाजाचं नाव होतं ‘उप्पीट’, कारण तो जमेपर्यंत वैनी खालून सारखी ओरडत होती, "अहो, उप्पीट गार व्हायलंय."

जरा घोगरा, लांबून आल्यासारखा आवाज होता तो. त्यात अण्णा एक धून वाजवायचा. पण कधी? हात मोकळे करताना, माझं काहीच तयार नसताना. मी लगेच म्हणायची, "थांब अण्णा, लेव्हल घेते." लेव्हल घ्यायची म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटू नये म्हणून आधी त्याचा जोर बघायचा. ते केल्याशिवाय आमच्यात कुणी रेकॉर्डचं बटण दाबत नाही. मी थांब म्हटलं की तो सुराच्या मधेच दोन्ही हात वर करायचा, पोलिसांनी पकडल्यासारखे.

"गेलं बघ हातातनं," म्हणायचा.

"गेलं काय, आत्ता तर वाजवलास. परत वाजव की."

"आता नाही यायचं गं ते. उद्या बघू."

मी चिडकी आहे, मग आमचं वाजायचं. पण आम्ही मिळून करत होतो त्या अल्बमचा शेवट त्याच धुनेवर करायचा, हे दोघांचंही ठरलं होतं.

मागच्या वर्षी अण्णा दुधनीचा कार्यक्रम करून आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि सकाळ व्हायच्या आत गेला. धून राहिली ती राहिलीच. तिचा पहिला भाग मला पाठ आहे, पुढचं काही केल्या आठवत नाही. अल्बम तिथेच अडकलाय. लोक म्हणतात दुसरं काहीतरी लाव शेवटी. नाही लावायचं मला दुसरं.

बरेच महिने मी सिंथ उघडलाच नाही. या जुन्या मशीनच्या पोटात घड्याळासारखा एक सेल असतो, त्याच्या जिवावर साठवलेले आवाज राहतात. तो सेल त्या काळात संपला. नवा टाकून चालू केलं तर आत फक्त कंपनीने भरून दिलेले आवाज. अण्णाने घडवलेले सगळे पुसले गेले होते, उप्पीटसकट. एकेक नंबर तपासला मी. त्या दिवशी मी रडले, अण्णा गेला तेव्हापेक्षा जास्त.

आता मूळ गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी काम करताना लाइट गेली. यूपीएस बिघडलेला, त्यामुळे कॉम्प्युटरही बंद. मी घाम पुसत खाली बसून वायरी गुंडाळत होते. थोड्या वेळाने लाइट आली, पंखा फिरला, सिंथचा डिस्प्ले लागला. दर वेळी तिथे कंपनीच्या पहिल्या आवाजाचं नाव येतं. त्या दिवशी इंग्रजी अक्षरांत ‘उप्पीट’ आलं होतं.

आणि स्पीकरमधून ती धून सुरू झाली.

सिंथला कुणी हात लावलेला नव्हता. खोलीत मी एकटीच. भीती वाटली का? खरं सांगते, नाही. अण्णाचा डावा हात किंचित मागे पडायचा, तसाच पडत होता. पहिला भाग झाला, आणि तो पुढे गेला... मला न आठवणाऱ्या भागात. अगं बाई, असं होतं होय, एवढं माझ्या मनात आलं. पुढच्याच क्षणी मी उठले, कॉम्प्युटरकडे धावले – तो अजून सुरूच होत होता – आणि वायर हातात धरून तोंडातून निघून गेलं, "थांब अण्णा, लेव्हल घेते."

सुराच्या मधेच धून थांबली. डिस्प्लेवर कंपनीचा पहिला आवाज.

फोन माझ्या कुर्त्याच्या खिशात होता. नुसतं बटण दाबायचं होतं. पंख्याची घरघर आली असती, रिक्षांचे हॉर्न आले असते. आले असते तर आले असते. तेही सोडा, गप बसून शेवटपर्यंत ऐकायचं तरी होतं.

वैनी पिठाच्या हातांनी जिना चढून आली. "थांबलीस का गं? पुरं वाजव की. त्यांना कधी पुरं वाजवू दिलं नाहीस, आता तू तरी वाजव."

"वैनी, मी वाजवत नव्हते."

काय झालं ते सांगितलं. ती स्टुलावर टेकली, डिस्प्लेकडे बघत बसली.

"तू थांब म्हणालीस?"

"हो."

"मग थांबणारच की ते," वैनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

नंतर मी मशीन उघडून बघितलं. दुरुस्तीवाल्यांना विचारलं. मेमरीत थोडं उरलं असेल, असं एकाने सांगितलं. आवाज उरला असेल हो, पण त्या मशीनमध्ये वाजवलेलं साठतच नाही. मग धून कुठून आली?

आता दुपारी लाइट गेली की सिंथ चालू ठेवून बसते. रेकॉर्डिंगचा मोह नको म्हणून फोन वैनीकडे देते, वायरींना हात लावत नाही, तोंड मिटून बसते. वैनीही गॅस बंद करून जिन्यात येऊन बसते. लाइट येते, पंखा फिरतो, डिस्प्ले लागतो. अजून काही वाजलेलं नाही.