भिंतीवरचं नारिंगी वलय

पोरगी पुण्याहून सुटीवर आली आणि आल्या आल्या तिनं आपल्या टेबलावरच्या भिंतीला एक चित्र चिकटवलं. काळ्या कागदावर धुरकट नारिंगी वलय, मधे अंधार. खाली ना नाव, ना गाव. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

आमच्या घरात भिंतीवर दोनच फोटो असतात. ते कोणाचे, हे नागपूरकराला सांगायला नको. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव टोपलीत भरून कन्हान नदीत सोडले. तेव्हापासून तिसरा फोटो आमच्या घरात आला नाही. कॅलेंडरसुद्धा मी चित्र बघून घेतो. आणि आता हे तेजोवलय! कोण्या नव्या बाबाचं असणार, मी ताडलं. हल्लीचे बाबा चेहरा दाखवत नाहीत, नुसता उजेड दाखवतात. तिची आई म्हणाली, मले तर करपलेला मेदूवडा दिसते. तिला कशाचीच काळजी नसते.

मी जन्मभर वीज खात्यात मीटर तपासले. तारेवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांनी मला चहा पाजला, शिव्या दिल्या, एकानं तर कुत्रं सोडलं, पण मला गंडवणं कोणाला जमलं नाही. मग माझ्याच घरात कोणी आकडा टाकत असेल तर मी गप्प बसणार होतो होय? मी पोरीवर लक्ष ठेवू लागलो.

ती पुण्याला ताऱ्यांवर संशोधन करते, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. एका दुपारी वरांड्यात ती फोनवर कोणाला तरी समजावत होती की मधोमध जे आहे ते कोणालाच दिसत नाही, पण आजूबाजूचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. अहो, देव देव करणारे तरी दुसरं काय सांगतात? ज्या गोष्टीपायी माझ्या बापानं गावाशी वैर घेतलं, ती पोरीच्या शिक्षणाबरोबर मागच्या दारानं घरात शिरत होती. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली. ही हातची जाणार, असंच वाटत राहिलं.

ती आंघोळीला गेल्यावर मी तिची बॅग उघडली. धागा, अंगारा, पोथी, काहीतरी सापडेलच म्हणून. कपडे निघाले, चार्जर निघाला, मागच्या वेळी आईनं दिलेल्या चिवड्याचा रिकामा डबा निघाला. म्हणजे पोरगी हुशार आहे, नीट लपवते, असं मी धरून चाललो.

तशात रविवारी विहारात तिचं भाषण ठरलं. विषय काय, तर आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी असलेलं प्रचंड कृष्णविवर. अख्ख्या वस्तीसमोर माझी पोरगी न दिसणाऱ्या शक्तीचं कीर्तन करणार! मी मुद्दाम पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

तिनं पडद्यावर तेच चित्र दाखवलं. मी उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत विचारलं, “तू आपल्या डोयानं पाहिलं का ते?”

“नाही पाहिलं,” ती म्हणाली. “कोणीच नाही पाहिलं. त्याच्यातून उजेडच बाहेर येत नाही.”

मग तिनं समजावून सांगितलं. त्या जागेजवळचे तारे लोकांनी वर्षानुवर्षं न्याहाळले. रिकाम्या दिसणाऱ्या जागेभोवती ते भन्नाट वेगानं फिरत होते, आणि नुसत्या रिकाम्या जागेभोवती काही असं फिरत नाही. चित्रातला नारिंगी उजेड भोवतीच्या तापलेल्या वायूचा. आमच्या घरची शिकवण आहे, ती म्हणाली, पंखा फिरत असेल तर लाइन कुठून तरी आलीच आहे, दिसत नाही म्हणून तपास सोडायचा नाही. लोक हसून माझ्याकडे पाहू लागले. मी तरीही बसलो नाही. उद्या कोणी हे सगळं खोटं ठरवलं तर काय करणार, असं विचारलं.

“तर चित्र काढून टाकू, बाबा. त्याच दिवशी.”

मी खाली बसलो. आपल्या देवाचा फोटो उतरवायची अशी तयारी असलेला भक्त मी तरी आजवर पाहिला नव्हता. पोरगी आपलीच होती. डोळ्यांत पाणी आलं, ते मी रुमालानं पुसून घेतलं.

परत येताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली, खांद्यावर हात ठेवून. मी खुशीत होतो. त्या भरात बोलून गेलो की मला वाटलं होतं तू देवाच्या नादी लागलीस, तुझी बॅगसुद्धा पाहिली मी. आधी ती खळखळून हसली. मग थांबली.

“मले सरळ विचारलं काहून नाही, बाबा?”

मला आडपडदा ठेवून बोलता येत नाही. “तू खोटं सांगशील असं वाटलं,” मी म्हणालो.

खांद्यावरचा हात निघाला. घर येईपर्यंत ती सीटच्या मागचा दांडा धरून बसली होती.